खालच्या बहिणीची मेणबत्ती

४ ऑक्टोबर

आले बाई एकदाची! किल्ली हातात पडली, सामान आत टाकलं आणि जमिनीवरच फतकल मारून पहिलं जेवण केलं: कोपऱ्यावरच्या गाडीवरची झणझणीत कलेजी, पावात भरून. वर्षभर यकृताच्या वॉर्डात राबायचंय, म्हणून शहराने दिलेला हा आहेरच म्हणायचा. चार वर्षं घरून, दमनहूरहून रोज रेल्वेने ये-जा केली, उभ्या उभ्या हाडांची नावं पाठ केली. शेवटचं वर्ष तरी माणसासारखं बसून अभ्यास करायचा म्हणून अलेक्झांड्रियात, इब्राहिमियामध्ये ट्रामच्या रस्त्यामागे ही तळमजल्यावरची जागा घेतली. दोन खोल्या, स्वयंपाकघर. खिडकीतून समुद्र दिसत नाही, पण वाळत घातलेले कपडे खारट होतात म्हणे, म्हणजे आहे जवळच.

दोन टेबलं मांडली. पुढच्या खोलीतलं वैद्यकीचं, मागच्या खोलीतलं कादंबरीचं. दोघांच्या खुर्च्या वेगळ्या, दिवे वेगळे, म्हणजे भांडण नको. मायसा, माझी पहिल्या वर्षापासूनची वर्गमैत्रीण, मदतीला आली होती. म्हणाली, शाहेंदा, आता फक्त तू तेवढी दोन हो, म्हणजे सगळं जमलं.

पुस्तकांची पेटी आणताना उंबऱ्याला अडखळून सपशेल आडवी झाले. पहारेकऱ्याची बायको उम्म नादी तिथेच झाडत होती. ती ओरडली, “अल्लाहचं नाव तुझ्यावर आणि तुझ्या बहिणीवर!” ऐकून आईची आठवण आली. मी लहानपणी पडले की आईही हेच म्हणायची. आपल्या प्रत्येकाची एक बहीण जमिनीखाली असते, आपण पडलो की तिलाही लागतं, म्हणून नाव दोघींवर घ्यायचं. मी उम्म नादीला सांगितलं, माझी बहीण सध्या छापखान्यात आहे. बिचारीला काही कळलं नाही. पण खरंच आहे. जानेवारीत कैरोच्या पुस्तक मेळ्यात माझी पहिली कादंबरी येतेय, ‘जमिनीखालचं शहर’, आणि तिच्यातली खालची बहीण वाचणाऱ्याची झोप उडवणार आहे.

तिचं नाव सौसन. हे नाव मी शोधलं नाही, ते घरचंच. मी सात दिवसांची झाले तेव्हा रीतीप्रमाणे मेणबत्त्या लावल्या होत्या, प्रत्येकीला एकेक नाव. जी शेवटपर्यंत जळेल तिचं नाव बाळाला. शाहेंदा जिंकली, सौसन हरली. हरलेलं नाव वाया कशाला घालवायचं?

२१ ऑक्टोबर

या गल्लीत मला कुणी नावाने हाक मारत नाही. आपल्याकडे वैद्यकीच्या कॉलेजात पाऊल टाकलं की त्याच दिवशी माणूस डॉक्टर होतो, परीक्षा मागाहून. वरच्या मजल्यावरचे हाज सब्री, निवृत्त ट्रामचालक, एक दिवसाआड रक्तदाब मोजून घ्यायला येतात. दंडाला पट्टा बांधला की सरकारवर बोलायला लागतात आणि पारा चढतो. मी म्हणते, काका, गप्प बसा, नाहीतर आकडा खोटा येतो. ते म्हणतात, गप्प बसलो तर आयुष्य खोटं ठरेल, डॉक्टर, त्याचं काय?

सकाळी वॉर्ड, दुपारी व्याख्यानं, मग मागच्या खोलीत दुसरा भाग. प्रकाशक उस्ताद मुराद यांना तो वसंतात हवाय. लोखंड तापलेलं असताना घाव घालायचा, असं त्यांचं म्हणणं. घाव घालणारीचे डोळे मिटतायत, ते कोण बघतंय! परवा रुग्णाच्या पलंगाशी उभ्या उभ्या पेंगले. वॉर्डाचे प्रमुख डॉ. शौकत सगळ्यांसमोर म्हणाले, की ज्या डोक्यात राक्षस राहायला आलेत त्या डोक्यात यकृताला जागा कुठून मिळणार. सगळे हसले, मीही हसले. पण संध्याकाळी संताप संताप झाला. हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसू देणार नाहीत, हेही त्यांनी जाता जाता सुनावलं.

आईने गल्लीभर सांगून ठेवलंय की मुलगी येत्या वर्षी दवाखाना थाटणार. बाबा गेल्यापासून तिला दुसरा विषय नाही. आणि मला कादंबरीही सोडायची नाही. मुखपृष्ठाचा नमुना आलाय. शाहेंदा अब्द-अल-मौला, मोठ्या अक्षरांत. दहा वेळा बघितला असेल.

वॉर्डात एक जीव मात्र आपला आहे. सित्त इक्बाल, खिडकीजवळच्या पलंगावरची म्हातारी. पोटात पाणी, डोळे हळदीसारखे, जीभ धारदार. मला म्हणते, तू डॉक्टर कसली, तुलाच सलाइन लावा कुणीतरी.

१० नोव्हेंबर

आज घात झाला. झोपून राहिले! जाग आली तेव्हा दुपारचं ऊन भिंतीवर. नेमका आज डॉ. शौकतांचा राउंड. रडत रडत मायसाला फोन केला. तर ती म्हणते, रडतेस काय, आज तर तू मैदान मारलंस. सित्त इक्बालचं पोट तपासून असं काही सांगितलंस की शौकतसाहेबांची बोलतीच बंद झाली.

हजेरीच्या कागदावर माझी सही आहे. मायसाने केली असणार, आम्ही एकमेकींसाठी करतोच. बाकीचं सगळं तिने मला हसवायला रचलं. असली मैत्रीण नशिबाने मिळते. तिला रव्याचा गोड बसबूसा खाऊ घालायचाय, मोठा तुकडा.

२७ नोव्हेंबर

तारेवरची कसरत जमली एकदाची. आठवड्यातून दोनदा मी जात नाही, मागच्या खोलीत बसून लिहिते, आणि सही होते. मायसाकडे विषय काढत नाही, ती काढत नाही. दुसरा भाग धावतोय. झोप मिळते. आरशातलं तोंडही बरं दिसायला लागलं.

फक्त मागच्या खोलीतली टेबलाखालची एक फरशी पोकळ वाजते. पाय आपटला की घुमते. उम्म नादीच्या नवऱ्याने सांगितलं, खाली जुनं पाण्याचं टाकं आहे, या सगळ्या गल्लीखाली आहेत, केव्हाच बुजवलंय. तरी फरशी नेहमी ओली. पुसली की पुन्हा ओली.

१४ डिसेंबर

सित्त इक्बालने आज माझा हात धरला आणि म्हणाली, आज बरा ऊबदार आहे. मी विचारलं, म्हणजे? तर म्हणे काल बर्फासारखा होता, आणि ओला. काल तू काही बोलली नाहीस, आज तुझी टकळी चालू आहे. काल नुसती बसलीस आणि मला माझं नाव विचारलंस. मग माझ्या आईचं नाव विचारलंस. कशाला गं विचारलंस?

काल मी घरी होते. दिवसभर.

कागदावर लिहायला नाव विचारतात, पण बाईच्या आईचं नाव कुणी विचारत नाही. आपल्याकडे ते ताईतवाले विचारतात, किंवा कबरीपाशी घेतात. म्हातारीचं यकृत मेंदूवर परिणाम करतंय, असं मी टिपणात लिहिलं. तसं होतं. पुस्तकात आहे.

१५ डिसेंबर

मायसाला स्पष्टच विचारलं, शनिवारी माझी सही तू केलीस ना? ती म्हणाली, मी कधीच केली नाही. तू माझ्या शेजारीच होतीस की! शनिवारी, त्याआधी, नेहमीच. एवढंच, की बोलत नाहीस हल्ली आणि बाह्या ओल्या असतात. मला वाटलं, रागावलीस माझ्यावर.

बसबूसा तिने खाल्ला होता तेव्हा काही बोलली नव्हती. म्हणजे मी आभार मानत होते ते कुणाचे?

मला भीती वाटतेय. लिहून टाकलं, आता बरं.

२८ जानेवारी, कैरो

आज मेळ्यात सह्या केल्या. गर्दी होती, माझ्यासाठी! उस्ताद मुरादांनी पाठ थोपटली. एवढ्या दिवसांचं स्वप्न, आणि मला फक्त थंडी वाजत होती. कारण नायिकेचं नाव कुणीच घेत नव्हतं. सगळ्या मुली म्हणत होत्या, सौसन, सौसन. सौसन वर कधी येणार? सौसनला तिचं घर मिळणार ना? एक तर म्हणाली, सही सौसनच्या नावाने करा. मी केली नाही. तिचा चेहरा पडला.

दुपारी बाजूला जाऊन मायसाला फोन लावला. आनंद कुणाला तरी सांगायचा होता. ती हळूच म्हणाली, अगं, राउंड चालू आहे, आणि समोर उभी राहून फोन कसला करतेस? मी म्हटलं, मी कैरोत आहे. ती हसली. मग हसायची थांबली. म्हणाली, तुझ्या हातात फोन नाहीये. मग म्हणाली, ती माझ्याकडे बघतेय. फोन बंद झाला.

त्यानंतर मायसा उचलत नाही.

६ फेब्रुवारी, दमनहूर

आईने पुस्तक आता कुठे वाचलं. आजवर नुसतं काचेच्या कपाटात मांडून पाहुण्यांना दाखवत होती. वाचलं आणि मला बोलावून घेतलं. जेवणही वाढलं नाही. विचारलं, हे नाव तू छापलंस?

मी म्हटलं, तूच सांगितलेलं, मेणबत्तीचं.

तेव्हा बोलली. त्या दिवशी सौसन हरली नव्हती. शाहेंदाची मेणबत्ती आधी विझायला आली होती. बाबांना शाहेंदाच हवं होतं, त्यांच्या आईचं नाव. बायका धान्य उधळत होत्या, कुणाचं लक्ष नव्हतं. बाबांनी वाकून सौसनच्या मेणबत्तीवर फुंकर मारली. आईने बघितलं आणि गप्प बसली. नवरा हसत होता, बाळ झोपलेलं, घर पाहुण्यांनी भरलेलं. म्हणूनच ती मी पडले की कधी विसरायची नाही: तुझ्यावर आणि तुझ्या बहिणीवर. निदान एवढं तरी तिला द्यावं म्हणून. पण नाव, मेणबत्तीची गोष्ट सांगताना एकदा तोंडून निसटलं तेवढं सोडलं, तर तिने इतक्या वर्षांत कधी उच्चारलं नव्हतं. जिची जागा घेतली तिला हाक मारायची नसते, म्हणाली. आणि तू पुस्तक काढून सगळ्या देशाला हाक मारायला लावलीस.

माझ्या आईला मी अशी रडताना बाबा गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं.

१६ फेब्रुवारी

मला एक कळलंय. मी जिथे नसते तिथे ती असते. म्हणजे जागा रिकामी ठेवायची नाही. आता रोज वॉर्डात जाते, ताप असला तरी.

आज उस्ताद मुरादांचा फोन. दुसऱ्या भागाची नवी प्रकरणं मिळाली, म्हणे. इतकं चांगलं तू आजवर लिहिलं नव्हतंस. खालची वर येते आणि वरची खाली जाते, तिथे अंगावर काटा आला.

मी पाठवली नाहीत. मी दिवसभर वॉर्डात होते. मागच्या खोलीतली खुर्ची ओली आहे.

वॉर्डात गेले की टेबल रिकामं. टेबलाशी बसले की वॉर्ड रिकामा. दोन दगडांवर पाय ठेवून उभी होते, आता दोन्ही दगड तिचेच.

२२ फेब्रुवारी

रमजान लागला. या महिन्यात सगळे जिन्न बेड्यांत असतात म्हणतात. पण ती जिन्न नाही. बहीण आहे.

सित्त इक्बालचा पलंग रिकामा. परिचारिका म्हणाली, तुम्हीच तर शेवटपर्यंत हात धरून बसला होतात, नावाने हाक मारत होतात, अमकीची मुलगी इक्बाल म्हणून. अल्लाह तुमचं भलं करो.

२ मार्च

उपास सोडायच्या वेळी घरी पोचले. उम्म नादी माझ्या दारातून बाहेर येत होती, रिकामं ताट घेऊन. मला म्हणाली, कोण हवंय? मी म्हटलं, अगं मी. तिने मला खालून वर न्याहाळलं. मग म्हणाली, हो हो, डॉक्टरांची पाहुणी का? त्या आत आहेत, आत्ताच गोड कुनाफा देऊन आले.

आत कुणी नव्हतं. कुनाफा अर्धा खाल्लेला.

हाज सब्री जिन्यात भेटले, दंड चोळत. माझ्याशी बोलले नाहीत. मी हाक मारली, काका! त्यांनी मागे वळून गल्लीत पाहिलं, माझ्या आरपार.

९ मार्च

आईशी फोनवर बोलले. तिला माझा आवाज ओळखू येतो अजून. बाई गं, केवढं बरं वाटलं.

तिने उपाय सांगितला. तेव्हा जे लबाडीने झालं ते सरळपणे करायचं. एकाच पुड्यातल्या दोन मेणबत्त्या, ताटात मीठ, एकीला तुझं नाव, एकीला तिचं. एकाच काडीने पेटव आणि हात जोडून बस. काहीही झालं तरी फुंकू नकोस. सौसन जिंकली तर तुला सौसन म्हणू, कागदपत्रांवर बदलून घेऊ, त्यात काय एवढं! मुलगी माझीच राहील ना? तिला उजेडात नाव हवंय, देऊन टाक. ईदला मी येतेच, ईदची बिस्किटं, कहक घेऊन.

मी कबूल केलं. नावात काय आहे, असं म्हटलंसुद्धा.

१० मार्च, दुपार

बाहेर हुसूमचं वादळ, दर मार्चला येतं तसं. खिडक्या कापडं कोंबून बंद केल्या. मागच्या खोलीत ताट मांडलं. दोन्ही मेणबत्त्या पेटवल्या. वही मांडीवर घेऊन लिहितेय, म्हणजे हात गुंतलेला राहील.

सारख्या जळतायत.

अजून सारख्या.

फरशीखाली पाणी हललं.

माझी लवकर वितळतेय. वारा नाही आणि माझीच का? तिची सरळ उभी आहे, ज्योत हलतसुद्धा नाही.

माझी बोटभर राहिली.

समोर टेबलावर पुस्तक आहे. शाहेंदा अब्द-अल-मौला. चार वर्षं रेल्वेत उभी कोण राहिली? रात्री जागून लिहिलं कुणी? तिने? हे माझं नाव आहे. कष्ट माझे, आणि नाव मी कुणाला तरी देऊन टाकू? आई म्हणते, त्यात काय एवढं. आईला काय कळतंय—

माझी थरथरतेय. आता जाईल—

फुंकली. तिची फुंकली. विझली. अल्लाह, मी फुंकली—

माझीही गेली. त्याच फुंकरीने.

धूर. दोन धूर.

तिची पुन्हा पेटतेय. आपोआप. तिची—

तारीख माहीत नाही

ओलं आहे. गार. फरशीच्या फटीतून उजेड येतो, लिहिण्यापुरता. वही मांडीवर होती, तशीच आली.

ओरडले. वर हाज सब्रींचा आवाज येतो, सरकारला शिव्या घालतायत. मी ओरडले तर म्हणाले, टाक्यात पाणी घुमतंय, डॉक्टर.

डॉक्टर हसली. माझं हसू.

पुन्हा

खुर्च्या सरकतात. पुढच्या खोलीतली आणि मागच्या खोलीतली. एकदम दोन्ही. ती वाचतेही आणि लिहितेही. पेंगत नाही.

तिला जमतंय. मला नाही जमलं ते तिला—

पुन्हा

तोफेचा आवाज रोज येतो, उपास सोडायचा. मला भूक लागत नाही. वाईट त्याचंच वाटतं.

पुस्तकावरचं नाव आठवत होते. माझं होतं ते. श— शा—

ईद

आज ईद आहे. वर तकबीर चालू आहे. आणि दार वाजलं. आई! आईचा आवाज. डबा खाली ठेवला, कहकचा वास इथपर्यंत आला. आई माझी!

आई ओळखेल. आवाज ओळखते ती. आई, ही मी नाही. मी इथे आहे. खाली. मी फरशीवर मूठ मारतेय, आई—

ती पळत गेली दाराशी. डबा घ्यायला. उंबरा—

पडली.

माझा गुडघा फुटला. रक्त येतंय माझ्या गुडघ्यातून. तिच्या पडण्याने.

आई म्हणाली, अल्लाहचं नाव तुझ्यावर—

थांबली.

आई गप्प उभी आहे. बरोबर माझ्या वर. टाकं उंबऱ्यापर्यंत आहे, तिच्या चपला दिसतायत तिथल्या फटीतून. तिला कळलंय. कळलंय ना, आई?

मग पुढचं म्हण. नेहमी म्हणायचीस. एकदाही विसरली नाहीस. आई, पुढचं म्हण, तेवढंच आहे माझ्याकडे, आणि तुझ्या ब